आजीच्या आठवणींचं नाटक बसवलं, आता पोटाचं काय?

प्रश्न : मी सोलापूरच्या सेटलमेंट भागात राहते, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं त्या वस्तीत. आम्ही कैकाडी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आजी तारेच्या कुंपणातल्या दिवसांबद्दल सांगते, ते मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि वस्तीतल्या मुलांना घेऊन अर्ध्या तासाचं नाटक बसवलं. थोडं कैकाडीत, थोडं मराठीत. ते बघून पुण्याच्या एका संस्थेनं अकरा महिन्यांच्या करारावर, महिना पंधरा हजार मानधनावर बोलावलं आहे. पप्पा म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर. अशा कामात करिअर होतं का? मी काय करू?

उत्तर : आधी पप्पांचं. ज्यांच्या आईवडिलांनी पोलिसांपुढे हजेरी दिली, त्यांना आपली मुलगी खाकी वर्दीत बघावीशी वाटते, यात मला काही वावगं दिसत नाही. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या घरांना तो शिक्का 1952पर्यंत वागवावा लागला; त्यातून सुटलेल्या जमाती म्हणजे विमुक्त. त्यानंतरही लोकांच्या नजरा लगेच बदलल्या नाहीत. त्यामुळे पप्पांशी वाद घालू नकोस. पण तुझ्या दीड पानी पत्रात भरतीबद्दल तुझं स्वतःचं एकही वाक्य नाही. मन नसताना मैदानी चाचणीची तयारी होत नाही, म्हणून तो पर्याय मी बाजूला ठेवतो.

करिअर होतं. फक्त ते नटीचं करिअर नाही, हे आत्ताच समजून घे. तुझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण अहमदाबादच्या छारानगरचं. छारा समाजही त्याच कायद्यात भरडलेला. फेब्रुवारी 1998मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेडिया सबर जमातीचा तरुण पोलिसांनी पकडल्यावर कोठडीत मेला. बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या पुढाकारानं प्रकरण कोलकात्याच्या उच्च न्यायालयात गेलं. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. छारानगरात आधी वाचनालय निघालं, मग तिथल्या मुलांनी बुधनवर नाटक बसवलं आणि 31 ऑगस्टला, म्हणजे तो शिक्का पुसला गेल्याच्या विमुक्त दिनाला, आपल्याच वस्तीत त्याचा पहिला प्रयोग केला. तेच बुधन थिएटर. त्यातली काही मुलं पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेली, कुणी वकील झालं, कुणी पत्रकार. नाटकानं त्यांना उभं केलं, पण घर चालवायला बहुतेकांनी दुसरं काहीतरी हाताशी ठेवलं.

पुण्यातही हेच दिसतं. नाट्यदिग्दर्शक अतुल पेठे यांनी 2012च्या सुमारास महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडे यांचं महात्मा फुल्यांवरचं नाटक ‘सत्यशोधक’ रंगमंचावर आणलं. कामगारांच्या नोकऱ्या होत्या, त्यांची युनियन पाठीशी होती, म्हणून तालमीला माणसं टिकली. रिकाम्या पोटी कोण किती दिवस तालीम करणार?

मग अशा प्रकल्पात पूर्ण वेळचा पगार कुणाला मिळतो? जो प्रस्ताव लिहितो, बजेट मांडतो, तालमीला जागा मिळवतो, वस्तीतल्या चार वडीलधाऱ्यांना आधी भेटून येतो, खर्चाची बिलं जपतो आणि शेवटी फंडरला, म्हणजे निधी देणाऱ्याला, अहवाल देतो, त्याला. काम रुक्ष वाटेल, पण निर्णय तिथेच होतात. माझं स्पष्ट मत असं, की तुझ्या समाजाच्या मुलीनं त्या खुर्चीत बसायला हवं. सध्या बहुतेक ठिकाणी वस्तीतली मुलं स्टेजवर असतात आणि हिशेबाची वही बाहेरच्यांकडे.

म्हणूनच पुण्याचं काम आत्ता घेऊ नकोस. पंधरा हजारांत पुण्यात खोली, डबा आणि प्रवास भागवून हातात काय उरेल, ते तूच मांडून बघ. अकरा महिन्यांचा करार म्हणजे निधी संपला की तुझंही काम संपलं. संस्थेला खरंच तुझं काम आवडलं असेल, तर त्यांना सांग, प्रकल्प सोलापुरातच करा आणि आमच्या गटाला द्या. उत्तर काय येतं, त्यावरून बरंच कळेल.

तू एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, कर. सोलापुरात सोय आहे. पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईला निर्मला निकेतन आणि टाटा समाजविज्ञान संस्था. टाटासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे अर्जाच्या तारखांवर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेव. या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, असतंच, आणि वस्तीतलं नाटकाचं काम त्यात बसवता येतं. प्रवेश घेतानाच विभागाशी बोलून घे. पप्पांसाठीही यात उत्तर आहे : सरकारी रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना हीच पदवी लागते. पुढे नाटकाचंच रीतसर शिक्षण घ्यावंसं वाटलं, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुलांसोबत नाटकातून काम करायचं असेल, तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा आगरताळ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. फी ऐकून मागे फिरू नकोस. कैकाडी समाज सोलापूर जिल्ह्यात विमुक्त जातींत येतो, त्यामुळे महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भर. जात वैधता प्रमाणपत्राचं काम मात्र आजच सुरू कर, त्याला वेळ लागतो.

आता एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. आजीचं ते रेकॉर्डिंग संस्थेला दिलंस का? दिलं नसशील तर थांब. आजीला कैकाडीत नीट समजावून विचार : हे कुठे वाजवायचं, नाव घ्यायचं की नाही, कुठला भाग कुणालाच ऐकवायचा नाही. पोलिसांनी बायकांशी केलेली वागणूक तिनं नातीला सांगितली असेल, हॉटेलच्या हॉलमध्ये बसलेल्या देणगीदारांना नाही. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेव. कैकाडी तमिळच्या कुळातली. तिला स्वतःची लिपी नाही, तेव्हा संवाद देवनागरीत उतरवून ठेव. उद्या दुसऱ्या मुलीनं भूमिका घेतली तर ते लागतीलच, आणि निधी मागतानाही ते जोडता येतील. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अशा कामांना अनुदान देतं. त्यांच्या वेबसाइटवरच्या आधीच्या प्रकल्पांच्या नोंदी वाच, प्रस्ताव कसा मांडतात ते कळेल.

नाटकाचा पुढचा प्रयोग पुण्यात नको, सेटलमेंटमध्येच कर. समाजातली म्हातारी माणसं चुका काढतील, पंचांपैकी कुणी नाक मुरडेल. त्यांना बोलू दे आणि कुणीतरी ते लिहून घ्या. त्या प्रयोगाचा खर्च, चहापासून माइकच्या भाड्यापर्यंत, वहीत मांड आणि मला पाठव. त्यावरून आपण तुझा पहिला प्रस्ताव तयार करू.