‘पुरण आवडत नाही’ म्हटलं आणि जाऊबाई दुरावल्या

मावशी,
मी नागपूरला प्रतापनगरात राहते. मनात असेल ते सरळ बोलते आणि दरवेळी मीच वाईट ठरते. महालक्ष्म्यांच्या जेवणात मोठ्या जाऊबाई वाढत होत्या, ‘घे न अजून एक पोळी.’ मी म्हटलं, ‘नको, मला पुरण आवडत नाही.’ मागाहून आंबील दोनदा घेतली, तरी तेव्हापासून त्या धड बोलत नाहीत. शेजारणीला ‘स्कूटी देता येणार नाही, मला लागते’ म्हटलं, तर मी आखडू. लग्नात मैत्रिणीने साडीबद्दल विचारलं. ‘हा रंग तुला शोभत नाही’ म्हटलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी. खरं बोलूच नये का?
– एक वाचक

ताई,
खरंच बोला. पण हे तिन्ही प्रसंग तुम्ही एकाच माळेत ओवलेत, ते मला पटत नाही.

स्कूटीचं तुमचं काहीच चुकलं नाही. आपल्याकडे ‘पाहू’ म्हणून टाळायची इतकी सवय आहे, की स्वच्छ ‘नाही’ कानाला टोचतं. ‘पाहू’ म्हटलं असतं तर ती सकाळी किल्ली मागायला दारात उभी राहिली असती. माफी मागू नका.

साडीचं मात्र चुकलं. सीताबर्डीवर दुकानात, साडी घडीत असताना तिने विचारलं असतं, तर तुमचं खरं तिच्या कामी आलं असतं. कार्यालयाच्या दारात नेसून उभी असताना तिला रंगावर मत नको होतं, चार लोकांत जायला धीर हवा होता. ‘निऱ्या किती छान बसल्या आहेत’ हेही खरंच असतं न?

आता जाऊबाई. तुमचा जीव तिथेच अडकला आहे, हे पत्रात कळतं. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरण. पहाटेपासून बाई उभी, आणि नैवेद्य होईपर्यंत पोटात अन्न नाही. तशा थकल्या अंगाने त्या पोळी घेऊन तुमच्या पानाशी वाकल्या. तुम्ही आपल्या जिभेची आवड सांगितली. त्यांना मात्र ऐकू आलं, की आपलं दिवसभराचं राबणं हिला नको. शिवाय त्यांच्या लेखी ते पुरण प्रसादाचं होतं.

‘पोट भरलं’ असं खोटं बोला, असं मी म्हणणार नाही. ‘पुरण मला जात नाही ताई, पण आंबील द्या अजून’, हेही खरंच होतं. तुम्ही आंबील घेतलीत, पण मागाहून. तोवर त्या पोळी घेऊन पुढच्या पानाकडे गेल्या होत्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक खुलासा पाठवू नका, त्यात तुमचा आवाज त्यांना ऐकू येणार नाही. एखाद्या दुपारी घरी जा. ‘त्या दिवशी माझं बोलणं तुमच्या जिवाला लागलं, मला तसं म्हणायचं नव्हतं,’ एवढं सांगा. मग आंबिलीला ज्वारी किती वेळ भिजवता, ते विचारा आणि बसा ऐकत.