मॉडेलमध्ये करचुकवेगिरी कशी मांडतात? छुप्या अर्थव्यवस्थेचे, म्हणजे सरकारदरबारी न नोंदलेल्या व्यवहारांचे, तयार आकडे वापरले तर चालतील का?

करांचा परिणाम शोधायचा असेल तर अजिबात चालणार नाहीत. मी याच आकड्यांवर तोंडघशी पडलोय.

पीएचडीला माझाही हाच विषय होता. मला दोन क्षेत्रांचं मॉडेल करायचं होतं. गाइड म्हणाले, "कशाला डोकं फोडतोस? छुप्या अर्थव्यवस्थेची देशवार टक्केवारी तयार मिळते. ती उचल आणि करभारावर रिग्रेशन चालव, म्हणजे करभार बदलला की ती किती बदलते ते आकडेमोडीनं काढ." चालवलं. करभार वाढला की छुपी अर्थव्यवस्था फुगते, असं इतकं देखणं उत्तर आलं की तो तक्ता मी कौतुकानं दोनदा छापला.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी त्यावर पेन्सिल टेकवली. "ही टक्केवारी काढली कशी?" मिमिक पद्धतीनं, म्हणजे कारणं आणि लक्षणं यांवरून न दिसणारा आकार ताडून. "कारणं कोणती?" मी म्हणायला लागलो: नियमांचा जाच, बेरोजगारी, करभार... आणि तिथेच अडकलो. करभार घालून काढलेला आकडा मी पुन्हा करभारावरच चालवला होता! गाइड खिडकीबाहेर बघत होते. ती दोन प्रकरणं मला नव्यानं लिहावी लागली.

मॉडेलमधल्या मांडणीचं म्हणाल तर पाया ॲलिंगहॅम आणि सँडमो या अर्थतज्ज्ञांचा, १९७२ चा: पकडलं जाण्याची शक्यता, दंड आणि जोखीम घेण्याची तयारी यांवरून माणूस किती उत्पन्न लपवायचं ते ठरवतो. बुसाटो आणि कियारिनी यांनी २००४ मध्ये दोन क्षेत्रांचं गतिमान मॉडेल केलं. त्यात थोडं काम नोंदीतलं, थोडं बिननोंदीचं. कर वाढला की काम तिकडे सरकतं. मला हेच करायचं होतं. पण याला महिनोन्‌महिने लागतात आणि रिग्रेशन दुपारच्या चहाआधी उरकतं, म्हणून सगळे तेच करतात.

अर्थात मॉडेल म्हणजे सोवळं नव्हे. दंड लपवलेल्या उत्पन्नावर की चुकवलेल्या करावर, एवढ्यानं उत्तर फिरतं. यित्झाकी यांनी १९७४ मध्ये दाखवलं की दंड करावर असेल आणि माणूस श्रीमंत होईल तसा जोखमीला कमी घाबरतो असं धरलं, तर कराचा दर वाढवल्यावर करचोरी घटते. म्हणजे माझा तो देखणा तक्ता सिद्धांतालाही धरून असेलच असं नव्हतं. आणि निव्वळ वर्णनापुरते तयार आकडे वापरायला माझी ना नाही.

तुमचेही गाइड "उचल आणि चालव" म्हणत असतील, तर ती आकड्यांची मालिका कशातून निघाली ते त्यांच्याकडून आधी लिहून घ्या. माझे अजूनही म्हणतात की त्या परीक्षक बाईच खडूस होत्या.