जर्मन खूनकथा आणि त्यामागचा तपास : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘टाटओर्ट’ या जर्मन मालिकेची ओळख छापली होती. नावाचा अर्थ ‘गुन्ह्याची जागा’. पहिला भाग २९ नोव्हेंबर १९७० ला दाखवला गेला. तेव्हापासून रविवारी रात्री सव्वाआठला दीड तासाची एक पूर्ण कथा, बहुतेक वेळा एक खून आणि त्याचा तपास, हा शिरस्ता चालू आहे. आलेल्या पत्रांतल्या काही प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : डॉक्टर प्रेताजवळ दोन मिनिटे बसतो आणि “मृत्यू रात्री दहा ते साडेदहाच्या दरम्यान” असे सांगून मोकळा होतो. इतकी नेमकी वेळ खरंच सांगता येते का? (पुणे)

नाही. मालिकांमधली ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि पुढचा सगळा तपास तिच्यावरच उभा असतो.

जागेवर आलेला डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे अंगावरचे डाग. हृदय थांबले की रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरते. वीस-तीस मिनिटांत जांभळट ठिपके दिसू लागतात आणि एक-दोन तासांत ते एकमेकांत मिसळतात. पहिल्या साधारण सहा तासांत प्रेत उलटे केले तर डाग नव्या खालच्या बाजूला सरकतात. पुढच्या काही तासांत ते अर्धवटच सरकतात, म्हणजे दोन्ही बाजूंना राहतात, आणि त्यानंतर जागच्या जागी पक्के होतात. म्हणून प्रेत पालथे आणि डाग पाठीवर असे दिसले, तर मृत्यूनंतर बऱ्याच वेळाने कुणीतरी ते हलवले आहे हे तिथेच कळते. डाग चेरीसारखे लालभडक असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यावा लागतो. थंडीत राहिलेल्या प्रेतावरही तसाच रंग येतो, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी गोष्ट ताठरपणा. तो दोन ते चार तासांनी जबड्यात जाणवतो, सहा ते आठ तासांत सर्वांगात पसरतो आणि दोन-तीन दिवसांनी सुटू लागतो. उन्हाळ्यात हे सगळे लवकर होते, थंडीत लांबते.

तिसरी आणि सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे शरीराचे तापमान. त्यासाठी काखेतला थर्मामीटर उपयोगाचा नाही. तो गुदद्वारातून किमान ८ सेंटिमीटर आत जावा लागतो. सोबत खोलीचे तापमान, प्रेताचे वजन, अंगावरचे कपडे, ओल आणि वारा यांची नोंद लागते. मृत्यूनंतर सुरुवातीला आतले तापमान जवळजवळ स्थिर राहते आणि मग उतरू लागते, त्यामुळे ‘तासाला एक अंश’ हा सरळ हिशेब चुकतो. क्लाउस हेन्सगे या जर्मन न्यायवैद्यकतज्ज्ञाने तापमान आणि वजन यांवरून वेळ वाचण्याचा आलेख तयार केला. तोच आजही वापरला जातो. परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी त्यातून मिळणारा अंदाज २.८ तास अलीकडे-पलीकडे धरावा लागतो. मालिकेतल्या सव्वादहाचे खरे उत्तर असे येईल : साडेसात ते एक.

यात नेहमी बिघडते ते एकाच कारणाने. वास येतो म्हणून पहिला पोलीस खिडकी उघडतो किंवा हीटर बंद करतो. मग खोलीचे मूळ तापमान हाती लागत नाही आणि आलेख निरुपयोगी होतो. आधी मोजायचे आणि मग खिडकी उघडायची, हा क्रम आहे. मालिकेत कुणी दारातच “कशाला हात लावू नका” असे ओरडले, तर त्यामागे बोटांच्या ठशांइतकेच हेही कारण आहे. वेळेची फट पुढे अरुंद होते ती मोबाइलच्या नोंदी, दुकानाची पावती, शेजाऱ्याने ऐकलेला दरवाजा अशा गोष्टींमुळे. प्रेतावरून ती तेवढी अरुंद होत नाही.

जाता जाता शवविच्छेदनाबद्दलही सांगतो. जर्मनीत न्यायालयीन कामासाठी ते दोन डॉक्टरांनी करायचे असते. मृताच्या शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते करता येत नाही. डोके, छाती आणि पोट तिन्ही उघडावेच लागतात, मग मृत्यूचे कारण छातीतल्या गोळीने कितीही उघड दिसत असले तरी.

प्रश्न : तपास अधिकारी कधी ‘मोर्ड’ म्हणतात, कधी ‘टोटश्लाग’. आपल्या खून आणि सदोष मनुष्यवधासारखाच हा फरक आहे का? (कोल्हापूर)

शब्द तसे वाटतात, पण रेघ वेगळ्या जागी आहे. आपल्याकडे हेतू, आणि कृत्याने मृत्यू ओढवण्याची शक्यता किती होती, यावर बरेच ठरते. जर्मनीत दोन्ही गुन्ह्यांत मारण्याचा हेतू असतोच. त्याशिवाय दंडसंहितेच्या कलम २११ मधली एखादी खूण सापडली तर तो मोर्ड, नाहीतर कलम २१२ चा टोटश्लाग. या खुणा अशा : मारण्यातच मिळणारा आनंद, लैंगिक वासना, हाव, इतर नीच हेतू, दगा, क्रूरता, अनेकांना धोका होईल असे साधन, आणि दुसरा गुन्हा करता यावा किंवा लपवता यावा म्हणून केलेली हत्या.

यातली ‘दगा’ ही खूण नीट समजून घेतली की अर्ध्या कथा उलगडतात. मरणाऱ्याला हल्ल्याची कल्पना नव्हती, त्यामुळे तो बचाव करू शकला नाही, आणि मारणाऱ्याने याचा फायदा घेतला, असे सिद्ध व्हावे लागते. समोरासमोर भांडण पेटले आणि एकाने सुरा खुपसला, तर बहुधा टोटश्लाग. तोच सुरा झोपलेल्या माणसावर चालवला तर मोर्ड. म्हणून अधिकारी पुन्हा पुन्हा विचारतात : तो दाराकडे पाठ करून उभा होता का? आधी आरडाओरडा ऐकू आला का? हा वेळकाढूपणा नव्हे. मोर्डला जन्मठेप आणि फक्त जन्मठेप आहे. टोटश्लागला किमान पाच वर्षे, आणि फार गंभीर प्रकरणात जन्मठेप. जन्मठेपेतही पंधरा वर्षांनंतर सुटकेचा विचार होऊ शकतो, मात्र न्यायालयाने दोष विशेष गंभीर ठरवला असेल तर मुक्काम लांबतो. फाशीचा प्रश्न येत नाही, कारण पश्चिम जर्मनीने ती १९४९ च्या राज्यघटनेतच रद्द केली.

जुन्या प्रकरणांच्या भागांत हाच फरक निर्णायक ठरतो. मोर्डला १९७९ पासून मुदतीची आडकाठी नाही, टोटश्लागचा खटला मात्र साधारणपणे वीस वर्षांनी बाद होतो. तीस वर्षांपूर्वीचा मारेकरी सापडला, त्याने कबूलही केले, तरी कलम २११ मधली एकही खूण सिद्ध झाली नाही तर तो घरी जातो. असा शेवट पाहून लेखकावर रागावू नका, कायदा तसाच आहे. कलम २११ चे शब्द १९४१ साली, नाझी काळात, लिहिले गेले. त्यामुळे ते बदलावेत ही मागणी जर्मनीत वारंवार होत आली आहे आणि ती रास्त आहे.

प्रश्न : आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मग या मालिकांत सगळे चौकशीच्या खोलीतच कसे संपते? (सातारा)

कारण तिथे तो चालतो. चौकशी घेणारा अधिकारी साक्षीदार म्हणून न्यायालयात येतो आणि आरोपी काय बोलला ते सांगतो. मात्र चौकशी सुरू होण्याआधी आरोप काय आहे, गप्प बसण्याचा हक्क आहे आणि वकिलाला विचारता येते, हे आरोपीला सांगितलेले असले पाहिजे. गप्प बसण्याच्या हक्काची कल्पनाच दिली नसेल तर तो जबाब साधारणपणे वापरता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९९२ साली स्पष्ट केले.

म्हणून पाहताना एका वाक्याकडे कान ठेवा. अधिकारी एखाद्याशी साक्षीदार म्हणून बोलत असतो, मध्येच थांबतो आणि म्हणतो, “यापुढे तुम्ही आरोपी आहात.” पटकथेतला खरा वळणबिंदू तोच असतो. संशय पक्का झाल्यावरही साक्षीदार म्हणत गप्पा लांबवल्या तर हाती आलेला कबुलीजबाब गमावण्याची पाळी येते. चांगले लेखक ही चूक मुद्दाम एखाद्या उतावळ्या अधिकाऱ्याच्या हातून घडवतात.

मारहाण, औषध, फसवणूक, झोप न देणे असल्या मार्गांनी काढलेला जबाब आरोपीची संमती असली तरी बाद होतो. २००२ साली फ्रँकफुर्टमध्ये अपहरण झालेल्या मुलाचा ठावठिकाणा कळावा म्हणून पोलिसांनी संशयिताला वेदना देण्याची धमकी दिली. मुलाचा तोपर्यंत मृत्यू झाला होता. २००३ मध्ये न्यायालयाने धमकीनंतरचे जबाब वगळले, आरोपीने खटल्यात पुन्हा दिलेल्या कबुलीवर शिक्षा झाली, आणि पुढे संबंधित पोलिसांनाही दोषी ठरवले गेले. हेतुपुरस्सर हत्येच्या प्रकरणांत आरोपीच्या चौकशीचे चित्रीकरण २०२० पासून सक्तीचे आहे. अलीकडच्या भागांत टेबलाशेजारी कॅमेरा दिसतो तो यामुळे.

प्रश्न : सरकारी वकील थेट गुन्ह्याच्या जागी येऊन पोलिसांना हुकूम कसे सोडतात? आणि पंचनामा का दिसत नाही? (लातूर)

तपासाची सूत्रे कायद्याने सरकारी वकिलाच्या हाती असतात, पोलीस त्याच्यासाठी काम करतात. संशयास्पद मृत्यूची खबर त्याला ताबडतोब द्यावी लागते आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय दफन होत नाही. मात्र झडती आणि अटक यांसाठी त्यालाही न्यायाधीशाकडे जावे लागते. थांबलो तर पुरावा जाईल अशी वेळ असेल तरच परस्पर कारवाई करता येते. पकडलेल्याला दुसरा दिवस संपण्याच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते.

आपल्यासारखा पंचनामा नाही, पण पंचांशी मिळतीजुळती तरतूद आहे. झडतीला न्यायाधीश किंवा सरकारी वकील हजर नसेल तर शक्यतो पालिकेचा एक कर्मचारी किंवा गावातले दोन रहिवासी बोलवायचे, आणि ते पोलीस नसावेत. मालिकेत ते जवळजवळ कधीच दिसत नाहीत.

प्रश्न : एका भागात अख्ख्या गावातल्या पुरुषांची लाळ घेतली. नकार देता येतो का? (रत्नागिरी)

येतो. अशा सामूहिक डीएनए तपासणीला न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि प्रत्येकाची लेखी संमती लागते. नुसत्या नकारावरून कुणी संशयित ठरत नाही. पण २०१७ पासून नमुना जवळच्या नातेवाइकाशी जुळत असेल तर तो धागाही वापरता येतो. म्हणजे निर्दोष काकाने दिलेली लाळ पुतण्यापर्यंत पोचू शकते, आणि ही शक्यता संमती देण्याआधी त्याला सांगावी लागते.

प्रश्न : दर रविवारी वेगळे अधिकारी का असतात? जर्मन शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? (मुंबई)

‘टाटओर्ट’ ही ‘एआरडी’ या संघातल्या प्रादेशिक वाहिन्यांनी मिळून चालवलेली मालिका आहे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या वाहिन्याही तिच्यात आहेत. प्रत्येकीचे शहर आणि जोडी वेगळी. जर्मनीत पोलीस दल राज्यांच्या अखत्यारीत असते, त्यामुळे ही मांडणी वास्तवालाही धरून आहे. म्युन्स्टरमधले अधिकारी थील आणि न्यायवैद्यक प्राध्यापक ब्योर्ने ही जोडी २००२ पासून लोकांची लाडकी आहे.

शिकणाऱ्याने हॅम्बुर्ग किंवा हॅनोव्हरच्या परिसरातले भाग आधी घ्यावेत, तिथली बोली प्रमाण भाषेच्या जवळ आहे. व्हिएन्ना नंतर. स्विस भाग मूळ स्विस बोलीत होतात आणि जर्मनीत प्रमाण भाषेत आवाज देऊन दाखवले जातात, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. तो तुमच्या कानांचा दोष नाही. पहिल्यांदा जर्मन उपशीर्षके लावून पाहा. मराठी किंवा इंग्रजी उपशीर्षकांत मोर्ड आणि टोटश्लाग दोन्हींचे ‘खून’ होऊन जाते.

प्रश्न : दूरदर्शनवर पूर्वी लागणारी ‘ओल्ड फॉक्स’ हीच मालिका का? (नागपूर)

नाही. तिचे मूळ नाव ‘डेर आल्टे’. ती ‘झेडडीएफ’ या दुसऱ्या सार्वजनिक वाहिनीची, १९७७ पासूनची, म्युनिकमध्ये घडणारी. सुरुवातीचा कमिशनर क्योस्टर झीगफ्रीड लोव्हिट्झ यांनी साकारला होता. ‘डेरिक’ ही तिची म्युनिकमधलीच शेजारीण, १९७४ ते १९९८, एकूण २८१ भाग.