राजबंद्यांवरील चित्रपट: सुरुवात कुठून करावी?

राजबंद्यांवरील चित्रपट पाहायला सुरुवात करण्यासाठी तुम्ही यादी मागितली आहे. मी मात्र आरंभी दोनच चित्रपट सुचवीन, कारण छळाची दृश्ये एकामागून एक पाहिली की मन बधिर होते आणि नवा प्रेक्षक बहुधा तिथेच थांबतो.

पहिला, स्टीव्ह मॅक्वीन यांचा ‘हंगर’ (२००८). त्याआधी एवढे जाणून घ्या की राजकीय कैद्याचा दर्जा मिळावा म्हणून उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगात १९८१ साली झालेल्या उपोषणात १० कैदी मृत्युमुखी पडले. त्यांपैकीच एक, या चित्रपटाच्या केंद्रस्थानी असलेले बॉबी सँड्स, उपोषणाच्या ६६व्या दिवशी गेले. सुरुवातीला एक पहारेकरी सोललेली बोटे पाण्यात बुडवतो, ते दृश्य घाईने ओलांडू नका. दडपशाही करणाऱ्याच्या शरीरावरही ती कशी उमटते, हे मला तिथे प्रथम उमगले. सँड्स आणि धर्मगुरू यांच्या दीर्घ संवादाच्या वेळीही धीर धरा, कारण चित्रपटातला खरा नैतिक वाद तिथेच आहे.

दुसरा, आनंद पटवर्धन यांचा ‘प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स’ (१९७८) हा माहितीपट, जो आणीबाणीपुरता न थांबता तिच्या आधीच्या आणि नंतरच्याही राजबंद्यांकडे पाहतो.

नवशिके पडद्यावरचा प्रत्येक संवाद पुरावा मानतात. कथापटातले संवाद रचलेले असतात, म्हणून त्या काळाविषयीचा एखादा इतिहासग्रंथ जवळ असू द्या.