वाचकांचे प्रश्न: घुमटाचा अल्बम आणि पावसाळी अंगण

प्रश्न: आमच्या वाड्यावरच्या घुमटवादकाचा आरत्यांचा पहिला अल्बम चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर येतोय. घुमट म्हणजे मोठ्या तोंडावर चामडे मढवलेले, मागे लहान उघडे तोंड असलेले गोव्याचे मातीचे वाद्य. शेजाऱ्यांनी मिळून त्याच्या अंगणात कार्यक्रम ठरवलाय. पण या दिवसांत घुमट अर्ध्या तासात बद्द वाजू लागते. काय करावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: हा दमट हवेचा परिणाम. बकऱ्याचे चामडे ओल ओढून सैलावते आणि नाद खाली येतो. कार्यक्रमाच्या तासभर आधी ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब चामड्यापासून वीतभर अंतरावर लावा आणि घुमट अधूनमधून फिरवा. एलईडी बल्बचा उपयोग नाही, त्याला ऊब नसते. निखाऱ्यावर शेकायचे तर हातभर लांबून. घाई केली की चामडे काठाशी कडक होते आणि पहिल्याच जोरकस थापेला तिथेच फाटते. बोटाने टिचकी मारून पाहा. खणखणीत, किंचित वर चढलेला आवाज आला की थांबा. वाजवताना तो पुन्हा थोडा उतरणार, म्हणून आधी जरा चढाच ठेवावा.

दोन घुमटे वाजणार असतील तर तिसरे बल्बखाली तापत ठेवा आणि दर दोन-तीन आरत्यांनी अदलाबदल करा. शेकूनही चामडे ताठ होत नसेल तर ते नव्याने मढवावे लागेल, आणि ते आदल्या दिवशी होणारे काम नाही. भिजवलेले चामडे तोंडावर ताणून काठाखाली दोरीने आवळतात आणि सावलीत वाळवतात. पावसाळ्यात त्याला चार-पाच दिवस धरा. उन्हात वाळवले तर ते एका बाजूने जास्त ओढले जाते.

कुणी माळ्यावरचे घोरपडीच्या चामड्याचे जुने घुमट आणू पाहील, त्याला आधीच समजवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपडीला पूर्ण संरक्षण आहे. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. तो मान बकऱ्याच्या चामड्यावरच राखायचा आहे.

प्रश्न: माइक लावला की घुमट नुसते घुमते, बोल कळत नाहीत. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: पन्नासेक माणसांच्या अंगणात घुमट, शामेळ (काठीने वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळ्यांना (मोठ्या झांजांना) माइक लावूच नका, फक्त गायकांना द्या. कासाळेवाल्याला सर्वांत मागे बसवा, नाहीतर गायकांच्या माइकमध्ये तेच भरते. मंडप मोठा असेल तर चामड्याच्या काठाकडे तिरका, चार-पाच इंचांवर एक माइक पुरे. मागच्या लहान तोंडासमोर दुसरा माइक लावला तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात. मिक्सरवर एकाची फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून पाहा आणि भरदार वाटेल ती ठेवा. घुमत असेल तर १०० ते २०० हर्ट्झ थोडे उतरवा. स्पीकर नेहमी वादकांच्या पुढे हवेत.

ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. म्हणून साडेसहाला सुरुवात करा. खतखते (मिश्र भाज्यांची गोव्याची भाजी) आणि पाव शेवटी वाढा; आधी वाढले की माणसे पांगतात.

प्रश्न: अल्बम त्याच संध्याकाळी सर्वांच्या फोनवर यावा यासाठी काय तयारी हवी? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: वितरकाकडे (गाणी संगीताच्या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) फायली निदान तीन-चार आठवडे आधी द्या: २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फायली आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचे चौरस मुखपृष्ठ. कलाकाराचे नाव प्रत्येक गाण्यावर अगदी एकाच स्पेलिंगने लिहा, नाहीतर ॲपवर गाणी कलाकाराच्या दोन वेगळ्या पानांवर विखुरतात. आरती खरोखर पारंपरिक असेल तरच तसे नोंदवा. कवी माहीत असेल आणि त्याच्या निधनाला ६० वर्षे झाली नसतील तर वारसांची लेखी संमती घ्या.

अल्बमच्या दुव्याचा क्यूआर कोड ए-फोर कागदावर छापून पडवीच्या खांबाला लावा. पावसात नेटवर्क दगा देते, म्हणून ऐकवायचे गाणे फोनवर आधीच उतरवून ठेवा. वाड्यावरच्या थोरांसाठी एमपी-थ्री भरलेले थोडे पेनड्राइव्ह करा. गाडीत आणि जुन्या म्युझिक सिस्टीमवर तेच चालतात.