मे महिन्यात ओलं राहणारं छत आणि रीडेव्हलपमेंटच्या भरवशावरची निवृत्ती

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 52, इमारत 1991 ची, 20 सदनिका, घर सगळ्यांत वरच्या मजल्यावर. हॉलचं छत गळतं, एका जागी पोपडा पडून सळई दिसते. सोसायटी म्हणते, तुमचं छत तुम्ही बघा. ठेकेदाराने त्यांच्या हॉलवरच्या गच्चीपुरतं वॉटरप्रूफिंग 2 लाख 20 हजारांत, 10 वर्षांच्या गॅरंटीसह देऊ केलंय. प्रश्न एवढाच: 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घ्यावं, की विमा पॉलिसीचा लाखाचा हप्ता यंदा थांबवावा? शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘मे महिन्यातही छत ओलंच होतं. तसं दोन-तीन वर्षांत रीडेव्हलपमेंट होईलच, कन्व्हेयन्सचं काम चालू आहे. म्हणून पीएफशिवाय निवृत्तीसाठी वेगळं काही टाकलेलं नाही.’

नमस्कार. कर्ज घेऊ नका. तीन वर्षं महिना साडेसात हजार भराल, 50 हजार व्याजात घालवाल आणि छत बहुधा तसंच गळत राहील. फक्त पावसाळ्यात गळत असतं, तर पहिला संशय गच्चीवर घेतला असता. भर उन्हाळ्यात ओल आहे म्हटल्यावर आधी पाण्याची टाकी आणि तिची पाइपलाइन तपासायची. प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. मग गच्चीचे आउटलेट बुजवून 48 तास रंगीत पाणी साठवा. खाली रंग उतरला तरच गच्चीचं काम काढायचं, आणि तेही तुमच्या हॉलपुरतं नाही. कोब्यात, म्हणजे गच्चीवरच्या थरात, शिरलेलं पाणी आतल्या आत सरकतं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. तुकड्यावर दिलेल्या थराची गॅरंटी कागदावरच राहते.

हा खर्च मुळात तुमचा नाहीच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, गच्ची, छताची संरचनात्मक दुरुस्ती, बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची गळती, सगळं सोसायटीकडे येतं. घरातल्या संडास-बाथरूमची गळती मात्र ज्याची त्याने निस्तरायची. 2 लाख 20 हजार 20 घरांत वाटले तर घरटी 11 हजार होतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणीही मागा. तीस वर्षांपुढच्या इमारतीला ते दर तीन वर्षांनी करावं लागतं. उघडी सळई पीओपीने झाकू नका. ती गंजते, फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते.

मला खरी काळजी तुमच्या शेवटच्या ओळींची वाटते. कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. त्यानंतर सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ च्या निर्देशांनुसार विशेष सभा, किमान 51 टक्के सभासदांची मंजुरी, सल्लागार, निविदा, करारनामा, महापालिकेची परवानगी. मग घर रिकामं करायचं, मग बांधकाम. दोन-तीन वर्षांत हे होईल असं धरून निवृत्तीचा आराखडा करणं मला अजिबात मान्य नाही. आणि झालं तरी हातात काय येईल? दीडशे-दोनशे फूट जादा जागा. तीत तुम्हीच राहणार. जादा खोली विकून किराणा भरता येत नाही, उलट नव्या इमारतीत लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षकांमुळे मेंटेनन्स वाढतो.

तुमच्याच आकड्यांवर जाऊ. घरखर्च आज 35 हजार. 6 टक्के महागाईने साठाव्या वर्षी तो 56 हजारांवर जाईल, म्हणजे वर्षाला पावणेसात लाख. निवृत्तीला साधारण त्याच्या पंचवीसपट रक्कम हाताशी हवी, म्हणजे 1 कोटी 70 लाख. पीएफ आज 24 लाख, दरमहा 12 हजारांची भर, 8 टक्के धरले तर तोवर 60 लाख. तूट एक कोटीच्या वर आहे, आणि तिच्यासमोर तुम्ही न झालेलं रीडेव्हलपमेंट मांडलं आहे!

आता पॉलिसी. एफडीची मुदत संपली तेव्हा बँकेतून ‘दुप्पट होतात’ म्हणून गळ्यात मारलेली. दहा वर्षं दरवर्षी 1 लाख, विसाव्या वर्षी 20 लाख. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की वार्षिक परतावा अंदाजे कळतो. 72 ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या थोडं वर येतं. एफडीत गुंतवणाऱ्याला हे विकणाऱ्यांचा मला राग येतो. एक वर्ष हप्ता थांबवून काही साधणार नाही. तीन हप्ते गेलेत, तेव्हा सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी आत्ताच बंद केल्यास, किती आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता ती तशीच ठेवल्यास, विसाव्या वर्षी किती, दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा आणि मला पाठवा. पत्नी तुमच्या पगारावर अवलंबून आहेत, म्हणून आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ जीवनविमा, घ्या, मगच पॉलिसीला हात लावा.

हप्त्याचे महिना आठ हजार आणि पगारातून कर्जासाठी निघणार होते ते साडेसात हजार, असे सुमारे 16 हजार दरमहा इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाका. 10 टक्के मिळाले तर आठ वर्षांत 23 लाखांच्या आसपास जमतील. कमीही मिळू शकतात. तूट यानेही भरत नाही. त्यामुळे पगार वाढेल तशी रक्कम वाढवा आणि 63-64 पर्यंत काम करावं लागेल हे आजच घरात बोला.

पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे. कंपनीचे दोन्ही आकडे त्याआधी हातात हवेत. प्लंबरला मात्र या रविवारीच बोलवा.