शरदातही किनाऱ्यावर ऊब का?

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावरील शहरात शरद ऋतूतला अख्खा आठवडा ना उकाडा ना थंडी असा गेला, त्याच दिवसांत दूर आतल्या भागातील नातेवाइकांकडे मात्र पहाटे चांगलाच गारठा होता. असे का?

उत्तर : याचे श्रेय समुद्राचे. १ किलो पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, कोरड्या वाळूला जेमतेम त्याच्या पाचव्या भागाइतकी. शिवाय लाटांच्या घुसळणीने ही उष्णता खोलवर मुरत असल्याने उन्हाळा सरल्यावरही समुद्र ती सावकाश परत करत राहतो. जमीन निरभ्र रात्री भराभर निवते. पहाटे समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून पाहा, ते बहुधा हवेपेक्षा कोमट लागेल. अर्थात, वारा जमिनीकडून जोराने वाहू लागला, की ही ऊब एका रात्रीतही ओसरू शकते.